काशीला निघालेला बटू

वाईच्या एखाद्या कार्यालयात सोडमुंज चालू असते. बटूने नवे धोतर नेसलेले, पायांत कोऱ्या वहाणा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात छत्री. पुढच्या अध्ययनासाठी तो आता काशीला निघालेला असतो. मांडवाच्या दाराशी पोचतो न पोचतो तोच मामा आडवा येतो, ‘काशीला जाऊ नकोस, माझी मुलगी देतो तुला’ म्हणून गळ घालतो. पाहुणे हसतात, फोटोवाला ‘पुन्हा एकदा’ म्हणतो, मामा पुन्हा आडवा येतो आणि सहल संपते. त्यातून वाईला म्हणतात दक्षिण काशी. म्हणजे इथला बटू काशीतून काशीला निघतो आणि जेवायला काशीतच बसतो.

गंमत सोडली तर या विधीमागे एक पक्का समज आहे. भाषा आणि तिच्यातले शास्त्र शिकायचे असेल, तर ती जिथे नांदते तिथे गेले पाहिजे. जर्मन शिकणाऱ्या मुलांना जर्मनीतल्या एखाद्या शहरात आठ-दहा दिवस नेणाऱ्या शाळाही तेच मानतात. वर्गात घोटलेले वाक्य मुलगा तिथल्या बेकरीत धीर करून म्हणतो. विभक्ती बरोबर, क्रियापद जागच्या जागी. पलीकडची बाई हसून इंग्रजीत उत्तर देते. मुलाचा चेहरा पडतो. चूक कुठे झाली हे त्याला कळत नाही, कारण चूक झालेलीच नसते.

ग्रंथापुरते बोलायचे तर गावी जाण्याची अट फारशी टिकत नाही. पुण्यात जर्मन शिकायला मुले ज्या मॅक्स म्युलर भवनात जातात, त्या मॅक्स म्युलरने 1849 ते 1874 या काळात सायणभाष्यासह ऋग्वेद 6 खंडांत छापून काढला, पण भारतात त्याने कधी पाऊल ठेवले नाही. मामाची गरजच पडली नाही.

काशीला खरोखर निघून गेलेला एक मुलगा मात्र वाईच्या आठवणीत आहे. 25 मार्च 1916 रोजी विनायक नरहर भावे इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीचा रस्ता धरला. हेच पुढे विनोबा. काशीत ते संस्कृत ग्रंथांत बुडाले खरे, पण काही महिन्यांतच गांधींच्या आश्रमात पोचले. 1917 मध्ये आश्रमातून रजा घेऊन वेदान्त शिकायला ते गेले कुठे, तर वाईला, नारायणशास्त्री मराठ्यांकडे. शास्त्रीबोवांची प्राज्ञपाठशाळा तेव्हा नुकतीच उभी राहिली होती. उपनिषदे, गीता, ब्रह्मसूत्रावरचे शांकरभाष्य हे सारे कृष्णाकाठी झाले. पुढे त्यांनी कुराणासाठी अरबी शिकून घेतली, तीही अरबस्तानात न जाता.

त्या शांकरभाष्यात अपशूद्राधिकरण नावाचा एक भाग आहे. प्रश्न थेट आहे: शूद्राला वेदविद्येचा अधिकार आहे का? उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याला स्मृतींचे आधार दिले आहेत. बारकाईने पाहिले तर तिथली बंदी उच्चारापासून सुरूही होत नाही. ती श्रवणापासूनच सुरू होते. वेद म्हणणे लांबच, कानावर पडणेसुद्धा नको. भाषेला जिभेइतकाच कान लागतो, हे त्या शास्त्रकारांना आजच्या भाषाशिक्षकांपेक्षा जास्त कळले होते, असे नाइलाजाने म्हणावे लागते. कुणी ऐकायचे आणि कुणाचे ऐकून घ्यायचे, हे एकदा ठरवून टाकले की व्याकरण कितीही शुद्ध असो, काही उपयोग नाही. त्याच पाठशाळेत घडलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी पुढे अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राचाच आधार उभा करायला गांधींना मदत केली. तेव्हा ग्रंथ एकच असला, तरी त्यातून निघणारी वाट एकच असते असे नाही.

कृष्णेच्याच काठाने खाली सांगली-मिरजेकडे गेले की कानाची गोष्ट जरा सैल होते. जत तालुक्यात कितीतरी घरांत कानडी बोलतात आणि बाजारात मराठी. इथल्या जैन घरांत णमोकार प्राकृतात म्हटला जातो, आणि तो म्हणताना ही कुठल्या गावची भाषा, असे कुणी विचारत नाही. मिरजेत स्थिरावलेले अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या किराण्याचे. त्यांनी मराठी नाट्यपदे गायली आणि ती ऐकताना मराठी श्रोत्यांनी त्यांचे उच्चार तपासले नाहीत. 1937 मध्ये ते गेले. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे संगीतसभा भरते. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, मातृभाषेने कानडी. मराठी रंगभूमीवर ते गाजले. सुरांना मिळते ती सवलत साध्या बोलण्याला मिळतेच असे मात्र नाही.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. ही शाळा आता प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि भीमराव आंबेडकरांच्या त्या प्रवेशाचा दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. पुढे मुंबईच्या हायस्कुलात त्यांना संस्कृत घ्यायचे होते. जातीमुळे ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. 1921 मध्ये त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवले. हे तेच बॉन, जिथे 1818 पासून श्लेगेल संस्कृतचे प्राध्यापक होते आणि जिथून त्यांनी 1823 मध्ये देवनागरी खिळे वापरून भगवद्गीता लॅटिन अनुवादासह छापली. मुंबईत बंद असलेल्या विषयाला ऱ्हाइनकाठी शतकभर जुनी गादी होती. आंबेडकरांच्या डोक्यावर मात्र लंडनच्या प्रबंधाचे ओझे होते. बॉनच्या वर्गात हजेरी लागली नाही आणि नाव कमी झाले.

पण त्यांची भाषेची खरी सहल त्याआधीच झाली होती, आणि तीही सातारा जिल्ह्यातच. साल 1901. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला होते. सुटीत त्यांच्याकडे जायला भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूरला उतरली. न्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली, जात कळताच तो मागे सरला. दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार, या बोलीवर.

रात्री टोलनाक्याशी बैल सोडले. मुलांजवळ खायला भरपूर होते, पाणी नव्हते. गाडीवान म्हणाला, नाकेदाराला सांगा, आम्ही मुसलमान आहोत. भीमराव नऊ-दहा वर्षांचे. त्यांना उर्दू चांगली येत होती. ते झोपडीपाशी गेले आणि शंकेला जागा राहू नये म्हणून सरळ उर्दूतच पाणी मागितले. नाकेदाराने तुटक उत्तर दिले: तुमच्यासाठी पाणी कुणी भरून ठेवले आहे, हवे तर टेकडीवर आहे, जा आणि आणा. भीमरावांनी परत येऊन ते उत्तर भावाला सांगितले.

बैल बाजूला बसले होते. मुलांनी गाडीतच जागा केली आणि जेवणाचे डबे न उघडता ती झोपली.