घरची माणसे आणि गोदामाची वही

घरच्या धंद्यात राबणाऱ्या स्त्रीला तिच्या कामाचा मोबदला द्यावा काय, हा प्रश्न आपल्या घरांत सहसा विचारला जात नाही. कोणी विचारलाच तर ‘ती काय परकी आहे?’ एवढ्या प्रतिप्रश्नाने तो मिटतो. या प्रतिप्रश्नात माया आहे, हे मी नाकारीत नाही. पण माया आणि न्याय ही दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात असे आपण गृहीत धरतो. ते गृहीत एकदा तपासून पाहावे, असे अलीकडे मला वाटू लागले आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुका हा सोयाबीनचा मुलूख. दसरा-दिवाळीच्या सुमारास शेतातला माल घरी येऊ लागला की आडत्यांची आणि व्यापाऱ्यांची गोदामे भरू लागतात. यांतील पुष्कळशी घरचीच. पुढे दुकान, मागे गोदाम आणि वर राहते घर. अशा एखाद्या घरातील सून डोळ्यांपुढे आणावी. तिचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असे घर प्रत्येकाच्या ओळखीत असते.

पहाटे स्वयंपाक उरकून ती खाली येते. गाडी लागली की काट्यावरचे वजन टिपून घेते. ओल मोजण्याचे यंत्र हाताशी असले, तरी आधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून दाणा चाचपते. ओल बाराच्या पुढे गेली तर किती कटती लावायची, ते शेतकऱ्याला दुखावल्यावाचून तीच सांगते. थप्पी भिंतीपासून सुटी हवी, खाली लाकडी फळ्या हव्यात, आधी आलेला माल आधी बाहेर पडला पाहिजे, बारदाना मोजून घ्यायचा, पत्रा कोठे गळतो ते पावसाच्या आत पाहायचे, धुरीच्या गोळ्या ठेवल्या की मुलांना तिकडे फिरकू द्यायचे नाही, हे सारे तिच्या ध्यानात असते. तीन वर्षांपूर्वी कोणाच्या मालात माती निघाली होती तेही. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मालमोटारींची घाई वाढली आहे. रात्री अकराला गाडी भरायची असली तरी किल्ल्या तिच्याच कमरेला.

आणि वहीत? वहीत तोलाई आहे, हमाली आहे, दिवाणजीचा पगार आहे, मांजराच्या दुधाचासुद्धा खर्च आहे. तिचे नाव मात्र कोठेही नाही.

पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाचीही एके काळी हीच स्थिती होती. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांनी त्यांना संघटित केले. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालाची नोंद झाली, मंडळे स्थापन झाली, भविष्यनिर्वाह निधी आला. हे सहज घडलेले नाही. त्यामागे वर्षानुवर्षांचा लढा आहे. ज्या पोत्याला हमालाचा खांदा लागतो, त्याच पोत्याला या सुनेची नजर आणि लेखणी लागते. पण तिने लढावे तरी कोणाशी? मालक म्हणजे तिचाच नवरा, तिचाच सासरा.

कायद्यानेही तिच्याकडे पाहिले, ते असेच. मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने १९४८ साली नोकराची व्याख्या केली, तेव्हा मालकाच्या घरातील माणूस त्यातून वगळला. पुढे २०१७ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. १९६१ च्या आयकर कायद्याने तर वेगळीच मेख मारून ठेवली. ज्या धंद्यात नवऱ्याचे भरीव हितसंबंध आहेत, तेथून बायकोला पगार मिळाला तर तो नवऱ्याच्याच उत्पन्नात धरावा. तिच्याकडे त्या कामाची तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता असली आणि कमाई तिच्याच बळावर असली तरच सूट. करचुकवेगिरीला आळा घालण्याचा हेतू समजू शकतो. परंतु वीस वर्षे पोत्यात हात घालून आलेले ज्ञान ही पात्रता, असे प्रमाणपत्र कोणते विद्यापीठ देते? सरकारी रोजगार पाहणीत तिला घरच्या उद्योगातील विनावेतन मदतनीस म्हणतात आणि स्वयंरोजगाराच्या रकान्यात घालतात. स्वयंरोजगार! शब्द मोठा उदार आहे.

मग घरातल्या माणसांचे म्हणणे काय असते? ते म्हणतात, घरात हिशेब शिरला की घर उरत नाही. आई जेवायला वाढताना पोळ्या मोजते का? या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या घरात प्रत्येक कामाला दर लागला, त्या घरात आजारी माणसाने पाणी कोणाकडे मागावे? आणखी एक गोष्ट खरी. अशा सुनेला उद्या महिन्याच्या महिन्याला पाकीट देऊ केले, तर तिला बहुधा आनंद होणार नाही. ‘मला नोकर केलेत का?’ असेच ती विचारील.

याच तालुक्यातील हिवरा आश्रम या गावाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे गावाच्या नावातच आश्रम आला. दरवर्षी विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तेथे लाखो माणसे शेतात ओळीने जेवायला बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुऱ्या आणि वांग्याची भाजी वाढली जाते. गहू साठवणे, तो दळून आणणे, पुऱ्या लाटणे, तळणे, ट्रॉल्या भरून पंगतींपर्यंत पोचवणे हे मोठमोठ्या गोदामांच्या व्यवस्थापकांनी पाहावे असे काम आहे. स्वयंसेवक ते पैसा न घेता करतात, स्त्रियाही करतात. तेथे कोणाला अन्याय झाला असे वाटत नाही.

असे का? मला दोन कारणे दिसतात. त्या अन्नातून कोणाचाही नफा निघत नाही. वाढणाऱ्याच्या कष्टाने दुसऱ्याची तिजोरी फुगत नाही. आणि ज्याला यायचे नाही तो येत नाही. त्याबद्दल त्याला घरात अबोला सोसावा लागत नाही. न मोजता दिलेले काम दान ठरण्यासाठी या दोन्ही गोष्टी लागतात, असे माझे मत आहे. गोदामातील सुनेच्या बाबतीत दोन्ही नाहीत. माल विकल्यावर नफा होतो आणि तो कोणाच्या तरी नावावर जमा होतो. शिवाय ‘उद्यापासून मी खाली येणार नाही’ असे म्हणण्याची मुभा तिला नाही. वरचे घरकाम तर सुटतच नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्ची पडलेली आढळली, पुरुषांची ८८.

पोळ्या न मोजणारे घर पोती मोजतेच. भाऊभाऊ भांडवल मोजतात, वाटणीच्या वेळी तर खिळेसुद्धा मोजतात. मग न मोजण्याची माया फक्त एकाच माणसाच्या वाट्याला यावी, हे मला पटत नाही.

वाटणीची वेळ हीच खरी कसोटी. थोरला आणि धाकटा वेगळे होतात, पंच बसतात, कागद होतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबात लेक जन्माने सहदायाद ठरते आणि ते योग्यच झाले. पण सून ठरत नाही. म्हणजे लग्न होऊन नाशिकला गेलेल्या नणंदेचा वडिलोपार्जित मिळकतीत हक्क आहे आणि ज्या सुनेने ते गोदाम वीस वर्षे सांभाळले, तिने चहा करून आत बसायचे. आपल्या ख्रिस्ती घरांनी यावर समाधान मानू नये. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे नवऱ्याने मृत्युपत्र केलेले नसेल आणि मुले असतील, तर विधवेला तिसरा हिस्सा मिळतो. तो विधवा म्हणून. कष्ट केले म्हणून नव्हे.

पुण्याच्या थरमॅक्स कंपनीत अनू आगा आधीपासून काम करीत होत्या. अध्यक्षपद आले ते १९९६ साली, पतीच्या निधनानंतर. मोठ्या घराण्यांतही दार बहुधा असेच उघडते. नरोत्तम मोरारजींच्या सूनबाई सुमती मोरारजी मात्र तरुणपणीच सिंदिया जहाज कंपनीच्या कारभारात आल्या आणि १९५६ साली देशातील जहाजमालकांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. सुनेला धंद्यात घेतल्याने घर मोडते म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगाराच्या न्याय्य वेतनाविषयी लिहिले, तेव्हा त्यांच्यापुढे कारखान्यातला पुरुष होता. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील स्त्री मात्र वेगळी आहे. ती शेत पारखून विकत घेते, माल व्यापाऱ्यांना पुरवते, रात्री दिवा विझू देत नाही. आपल्या लग्नांत तिची स्तुती हटकून वाचली जाते. पण तो अध्याय केवळ स्तुतीवर थांबत नाही. तिच्या हातच्या कमाईचे फळ तिला द्या, अशा मागणीने तो संपतो. या मागणीवरचे प्रवचन मी फारसे ऐकलेले नाही.

पगाराने तिला नोकर केल्यासारखे वाटत असेल, तर उत्तर पगार हे नाही, भाग हे आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्याने बायको, सून, कोणीही सज्ञान व्यक्ती भागीदार होऊ शकते. तिचा हिस्सा भागीदारीपत्रात लिहावा, बँकेत तिची सही चालावी, गोदाम नवे बांधायचे तर सातबाऱ्यावर तिचे नाव असावे. घर मोडेल असे यात काहीच नाही. अडचण एकच उरते, मागच्या वीस वर्षांची. त्यांचा हिस्सा कोणत्या दराने काढावा, हे मला सांगता येत नाही. ते तिलाच विचारले पाहिजे, आणि पंच बसण्याच्या आधी विचारले पाहिजे.