दोर लावून बघा

यंत्राशी माझा संबंध घसाऱ्यापुरता. बी.कॉम.ला असताना कोणत्याही यंत्राची किंमत दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी कशी कमी करत न्यावी, हे मला शिकवण्यात आले; ते यंत्र सुरू कसे करावे, हे मात्र कोणी सांगितले नाही. घरातला मिक्सर बंद पडला की मी त्याची आजची पुस्तकी किंमत पैशापर्यंत बिनचूक सांगतो, आणि आमची ही तो मिक्सर उचलून शेजारच्या मिस्त्रींकडे घेऊन जाते.

अशा माणसाच्या घरी इंजिन तपासायचा स्टँड आहे म्हटलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही. पण आहे. केळझरला, आमच्या घरामागच्या कोठ्यात, जिथे पूर्वी बैल बांधत तिथे तो उभा आहे. केळझर म्हणजे नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे आमचे गाव. टेकडीवरच्या सिद्धिविनायकाला येणाऱ्यांना ते ठाऊक असते. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, आणि भीमाने बकासुराला मारले ते इथेच, असे आम्ही केळझरकर मानतो. देशातली आणखी काही गावेही हा दावा सांगतात. पण त्या गावांत आमचे कोणी नसल्यामुळे आम्ही तिकडे लक्ष देत नाही.

तर झालं असं, की आमच्या शेतातल्या विहिरीवर विजेची मोटर बसली आणि वडिलांच्या वेळचे पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन कोठ्यात पोत्याखाली जाऊन बसले. दोन उन्हाळे ते तिथेच होते. शेवटी ही म्हणाली, "अहो, एक तर ते विका, नाहीतर त्याचं नाव रेशन कार्डावर घाला." मी विकायचे ठरवले.

मिस्त्री एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. माणूस अबोल. इंजिनाच्या आवाजात आपला आवाज मिसळू नये म्हणून चाळीस वर्षे गप्प राहण्याची सवय. ते इंजिनाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "आधी स्टँडवर चढवू."

स्टँड म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले. जमिनीवर पडलेले इंजिन म्हणजे अंथरुणावरचा रोगी; तो चालेल की नाही हे झोपवून कळत नाही. त्याला घट्ट धरून ठेवणारी चौकट हवी. तयार स्टँडची किंमत मी चौकशी करून काढली आणि लगेच विसरलो. मिस्त्रींनी भंगारातून लोखंडी चॅनेल आणले, चार पाय वेल्डिंग करून घेतले, हादरे खायला खाली जुन्या टायरचे तुकडे घातले. डिझेलची टाकी वर टांगली, म्हणजे डिझेल आपल्या पायांनी खाली उतरते. पाण्याला एक पिंप. धुराचा पाइप खिडकीतून बाहेर. फिरत्या चाकावर जाळी, आणि दाराशी वाळूची बादली. "बादली कशाला?" मी विचारले. "नाही लागली त बरंच," मिस्त्री म्हणाले. हे त्यांचे त्या आठवड्यातले सर्वांत मोठे भाषण.

रविवारी हँडल मारले. दोनदा खोकून तिसऱ्यांदा इंजिन सुरू झाले आणि काय सांगू, असा काही गोड, एकसारखा ठोका धरला की पोरेबाळे जमली, गल्लीतले दोघे-तिघे तंबाखू मळत उभे राहिले. मी मनात बारा हजारांचा आकडा धरला. ही तर चहासुद्धा करून घेऊन आली.

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मात्र काही नाही. ते म्हणाले, "हे त रिकामं फिरून रायलं. रिकामं त कोणीबी फिरते."

आणि त्यांनी दोर आणला.

हा दोराचा प्रकार मी जरा सविस्तर सांगतो, कारण पुढची सारी फजिती त्या दोराला लटकलेली आहे. इंजिनाच्या पुलीवर जाड दोर टाकायचा. त्याच्या एका टोकाला वजने लटकवायची, दुसरे टोक स्प्रिंगकाट्याला बांधायचे. पुली फिरू लागली की दोर तिला धरू पाहतो. इंजिनाला तो विरोध मोडून फिरावे लागते. वजन आणि काट्यावरचा आकडा यांतला फरक, पुलीची त्रिज्या आणि मिनिटाचे फेरे एवढे हातात आले की इंजिनाची खरी ताकद निघते. १८२१ साली प्रोनी नावाच्या एका फ्रेंच इंजिनियराने घर्षणाच्या ब्रेकने ताकद मोजायची अशी युक्ती काढली. आज पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये, १९६६ पासूनच्या त्या संस्थेत, इंजिने तपासायला मोठमोठी यंत्रे आहेत. पण तत्त्व तेच: भार घाला आणि बघा. आमच्याकडे एक फूट व्यासाची पुली आणि किराणा दुकानातून मागून आणलेली वजने होती. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर पाच हॉर्सपॉवरला निव्वळ सोळा किलो पेलले पाहिजेत. हा हिशेब मी केला. घसाऱ्याबाहेरचा माझा पहिलाच.

चार किलोला इंजिनाने ढुंकून पाहिले नाही. आठ किलोला आवाज जरा जाड झाला. पुलीवर पाणी ओतत राहावे लागत होते, कारण इंजिनाची सारी ताकद दोरापाशी उष्णता होऊन बाहेर पडते. पूर्ण भाराला चार इस्त्र्या एकदम तापाव्यात इतकी. बारा किलो झाले आणि इंजिनाने आपला मूळ स्वभाव दाखवला. ठोका चुकला, चाक मंदावले, खिडकीबाहेर काळा धूर, आणि पोटातून निळसर वाफ. मिस्त्रींनी वजने काढली. गोड आवाज परत सुरू.

"रिंगा गेल्या, लायनर घासला," ते म्हणाले. "अर्ध्या कामाचं आहे." दुरुस्तीचा अंदाज ऐकून हिने चहाचे कप उचलून नेले.

त्या रात्री मी अंथरुणावर पडून विचार करत होतो. वीस वर्षे मी बँकेत कॅश मोजतो आहे. एका रुपयाची तूट नाही. लोक मला सचोटीचा माणूस म्हणतात आणि मीही त्यांचे म्हणणे खोडून काढण्याच्या भानगडीत पडत नाही. पण खरे सांगू? संध्याकाळी कॅश टॅली करावीच लागते, वर कॅमेरा, शेजारी हेड कॅशियर, मग ऑडिट. एवढ्या सगळ्यांनी धरून ठेवल्यावर ठोका एकसारखा पडणारच! माझ्यावर कोणी आठ किलोसुद्धा टाकलेले नाहीत. ज्याला चोरी करायची संधीच मिळाली नाही त्याला प्रामाणिक म्हणावे, की नुसता चालू स्थितीतला? हा प्रश्न मी मनाशी विचारला आणि, अवघड प्रश्नांचे नेहमी होते तसे, झोप लागली.

पुढच्या रविवारी गिऱ्हाईक आले. शेजारच्या गावचे एक काकाजी; आमच्या शाखेचे जुने खातेदार. शेताला लाइन रात्री येते, रात्री साप-विंचवात पाणी ओलायला जावे लागते, म्हणून दिवसासाठी त्यांना इंजिन हवे होते. मिस्त्री सेलूला गेलेले. मी हँडल मारले. इंजिन सुरू झाले, रिकामे, गोड. दोर आणि वजने भिंतीला टांगलेली.

काकाजी दोन मिनिटे कान देऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मले इंजिनातलं काई समजत नाई. पण तुमी बँकेतले माणूस. तुमी का खोटं बोलान?"

बघा, भार पडतो तो असा. वाजतगाजत येत नाही. मी त्या क्षणी एक वाक्य बोललो: "इंजिन चालू आहे, समोरच बघा." या वाक्यातला शब्द न् शब्द खरा. कोर्टात टिकेल. आणि तरीही आयुष्यात मी याच्याइतके खोटे वाक्य बोललो नसेन. काकाजींनी दोन हजार विसार दिला. मी नोटा सवयीने मोजून घेतल्या.

संध्याकाळी मी कायद्याचा आसरा घेतला. वाणिज्य शाखेचा फायदा हा, की पापाला कलम सापडते. १८७२ चा करारांचा कायदा म्हणतो, नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. अर्थात त्याच कलमाच्या पोटात लिहिलेले आहे, की जिथे बोलणे हे कर्तव्य असेल तिथली गोष्ट वेगळी. पण ते मी जरा भरभर वाचले. १९३० चा मालविक्रीचा कायदा तर, काही अपवाद सोडले तर, सरळ सांगतो की माल बघून घेणे हे घेणाऱ्याचे काम.

पण वर्धा जिल्ह्यात राहण्याची एक अडचण आहे. कायद्याचे नाव काढले की गांधी आठवतात. हा कायदा झाला त्याच्या आदल्याच वर्षी, १९२९ साली, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. अटी काय? खेड्यातल्या बाईला झोपडीत बसून फार दमल्याशिवाय आठ तास चालवता आला पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, आणि वीस वर्षे टिकला पाहिजे. थोडक्यात, आधी दोर लावून दाखवा, मग लाखाचे बोला. किर्लोस्करवाडीला या बक्षिसासाठी एक चरखा तयार झाला. पण अटींना उतरला नाही. तिथे बनवणाऱ्यालाच सिद्ध करायचे होते. झोपडीतल्या बाईला कोणी म्हणाले नाही, की बाई, तू बघून घ्यायचे होतेस.

मला वाटते, परीक्षेचा सारा नैतिक घोळ इथेच आहे. परीक्षा मागितली की अपमान वाटतो. बायको नवऱ्याचे खिसे तपासू लागली, की संसाराची रिंग घासलीच म्हणायची. सीतेच्या अग्निपरीक्षेने सीता उजळली. मागणारा मात्र आजतागायत उत्तर देतो आहे. म्हणून माणसे मागत नाहीत. काकाजींनी मागितली नाही, ती याच सभ्यतेपोटी. मग उरते ते एकच, आपण होऊन दोर लावणे. आमच्या एकचक्रेतली गोष्ट घ्या. बकासुराकडे जायची पाळी होती घरमालकाची. कुंती भाड्याने राहत होती म्हणा ना! तिला कोणी विचारलेसुद्धा नव्हते. ती आपण होऊन म्हणाली, माझा मुलगा जाईल. आता, तिला भीमाची ताकद माहीत होती, हे खरे. पण मलाही माझ्या इंजिनाची माहीत होतीच की! माहीत असूनही तिने भीमाला गाड्यावर बसवले, आणि माहीत असूनही मी दोर भिंतीवर ठेवला. फरक एवढाच.

सोमवारी मिस्त्रींना सगळे सांगितले. वाटले, बरेवाईट काही बोलतील. ते म्हणाले, "दोर लावा."

रविवारी काकाजींना बोलावले. त्यांच्यासमोर चार, आठ, बारा. काळा धूर निघाला तेव्हा मी धुराकडे पाहत होतो आणि काकाजी माझ्याकडे. मी विसाराचे दोन हजार पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. म्हणाले, "दहा टाकून पाहा बरं." दहा किलोवर इंजिन जरा कुरकुरले, पण चालत राहिले. "माझा पंप तीनचा आहे," काकाजी म्हणाले. "विहीर उथळ. साडेसात हजारात देता का?"

दिले. गाडीवर इंजिन चढवताना त्यांनी सहज विचारले, "आधी काऊन नाई सांगितलं जी?"

रागाने नाही. चौकशी म्हणून. माझ्याकडे दोन कायदे होते, पण एकाही कलमात त्याचे उत्तर नव्हते. मिस्त्री स्टँडचे बोल्ट आवळत होते. आवळायची काही गरज नव्हती.

स्टँड आम्ही ठेवला आहे. गल्लीतल्या फवारणी पंपांची इंजिने मिस्त्री त्यावर तपासतात. एरवी ही त्यावर मिरच्या वाळवते. साडेचार हजार गेले, त्याचे दुःख घसाऱ्यात बसवता आले. दुसरी एक गोष्ट मात्र कोणत्याच खात्यात बसत नाही. काकाजी अजूनही महिन्यातून एकदा पैसे काढायला येतात. पूर्वी मी दिलेल्या नोटा ते न मोजता बंडीच्या खिशात घालत. आता खिडकीपाशी उभे राहून मोजतात. बोटाला थुंकी लावून, सावकाश, दोनदा. मागची रांग कुरकुर करते. हेड कॅशियर मान वर करून बघतात.

मी रांगेला म्हणतो, "थांबा हो जरा. मोजू द्या त्यांना."