जमा-नावे

जमा कोणाच्या खात्यात आणि नावे कोणाच्या, हा एकच प्रश्न मी गेली बावीस वर्षं काउंटरमागे बसून सोडवतो आहे. त्यामुळे आमच्या चिरंजीवांनी गिटार आणून चक बेरी नावाच्या माणसाचं एकच गाणं सकाळ-संध्याकाळ घोटायला घेतलं, तेव्हा मला गाण्यापेक्षा त्या माणसाच्या हिशेबात जास्त गोडी वाटू लागली.

हा सेंट लुईसचा. जन्म १९२६चा, गेला २०१७ साली. रॉकच्या गिटारचा मूळपुरुषच म्हणा ना! बीटल्स काय, रोलिंग स्टोन्स काय, सगळ्यांनी याची गाणी वाजवली. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानं सोडली, त्यातल्या सोनेरी तबकडीवर याचं ‘जॉनी बी. गुड’ आहे. (म्हणजे आमच्या घरात काय चाललंय, ते परग्रहावरसुद्धा कळणार.)

मला आवडला तो त्याचा व्यवहार. कार्यक्रमाला गडी एकटा यायचा, हातात फक्त गिटार. साथीदार त्या त्या गावचे. आणि मानधन आधी, तेही रोख! नोटा मिळाल्याशिवाय स्टेजवर पाऊल नाही. या रोखीच्या प्रेमापायी पुढे प्राप्तिकराचं लफडं झालं आणि १९७९ साली तुरुंगाची हवा खावी लागली, ते सोडा.

पण माणूस असा का झाला? १९५५ साली त्याची पहिली रेकॉर्ड निघाली, ‘मेबलिन’. गाणं याचं, पण कर्ता म्हणून याच्या नावाशेजारी आणखी दोन नावं! एक ॲलन फ्रीड, रेडिओवर रेकॉर्डी लावणारा. दुसरा रस फ्रॅटो. गाण्याशी संबंध शून्य, पण रॉयल्टीत वाटेकरी. ती नावं निघायला १९८६ साल उजाडलं. एकतीस वर्षं! आमच्याकडे चुकीची नोंद एकतीस दिवस राहिली, तर ऑडिटर जेवू देत नाही.

इथपर्यंत मी बेरीच्या बाजूनं मुठी आवळून बसलो होतो. तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, “बाबा, जॉनी जॉन्सन माहीत आहे का?”

हा पियानोवाला. १९५२ सालच्या शेवटच्या रात्री याच्या ताफ्यातला एकजण आजारी पडला, म्हणून यानं बेरीला बोलावलं. पुढे ताफा बेरीचा झाला. शब्द बेरीचे, यावर वाद नाही. पण पियानोवर बोटं कोणाची फिरत होती? २००० साली जॉन्सन कोर्टात गेला, पन्नासहून अधिक गाण्यांत माझाही वाटा आहे म्हणून. २००२ साली दावा निकालात निघाला. का? तर फार उशीर केलात. खरं काय, खोटं काय, तो हिशेब राहिला तो राहिलाच.

आता सांगा, ज्याला स्वतःच्या खात्यातून गेलेली पै न् पै एकतीस वर्षं टोचली, त्याला शेजारच्या पियानोवाल्याचं खातं दिसू नये? की आपलं गेलेलंच तेवढं माणसाला मोजता येतं?

हे सगळं मी रात्री जेवताना तावातावानं सांगत होतो. सौ. आमटी वाढत होती.

“दिवाळी अंकातला तो लॉकरच्या किल्लीचा विनोद,” ती म्हणाली, “कोणाचा होता हो?”

मी भात कालवू लागलो. खरं म्हणजे नुसता किल्लीचाच नव्हे. चेक मात्र माझ्या नावाचा, माझ्याच खात्यात जमा.

“त्याला आता दोन वर्षं झाली,” मी म्हटलं.

“मी कुठं कोर्टात जातेय? पुढच्या लेखाचे मात्र आधी द्या. आणि रोख.”