बंध जुळला म्हणे!

बस. आणि "बाई, ही फँटसी आहे हो" हे वाक्य आधी गिळून टाक. फँटसी आहे हे मला कळतं. तुझ्या जन्माच्या आधीपासून मी ती वाचते आहे. तुझं बाडही अथपासून इतिपर्यंत वाचलं, आभारांच्या पानासकट. नदीच्या तळाशी भरणारा तो बाजार वाचताना मला तुझा हेवा वाटला. कुठला मंत्र कुणाला येतो, त्याची किंमत काय, उलटला तर कुणाच्या मुळावर येतो, सगळं चोख. मग बाराव्या प्रकरणात काय झालं? तिथे अक्कल कुणाकडे गहाण टाकलीस?

अकरा प्रकरणं तो यक्ष तिला गडावर कोंडून ठेवतो. भर दरबारात तिचा पाणउतारा करतो. तिचा भाऊ जिवंत आहे हे तिच्यापासून लपवतो. बाराव्यात दोघांच्या मनगटांवर खूण उजळते, 'बंध' जुळतो, आणि पुढच्याच ओळीत ती त्याच्या मिठीत! मग चार पानं चांदणं, पारिजात आणि उष्ण श्वास. आता मला सांग, तिला तो आवडायला लागला कधी? कुठल्या पानावर? बोट ठेवून दाखव.

नाही ना दाखवता येत? कारण ते तू लिहिलंच नाहीस. लिहायचं जिवावर आलं. मंत्राचा हिशेब पै-पैचा मांडलास आणि मुलीच्या मनाचा हिशेब मनगटावरच्या दिव्याकडे ढकललास.

"सगळेच असं लिहितात." कोण सगळे? नावं घेऊन बोलू या, कारण ती सगळी पुस्तकं तुझ्या पाठ आहेत. 'ट्वायलाइट'च्या गोष्टीत 2008 साली आलेलं 'ब्रेकिंग डॉन' घे. लांडगा होणारा जेकब त्यात कुणाशी बांधला जातो? नुकत्याच जन्मलेल्या मुलीशी. त्याच्या आधी, 'एक्लिप्स'मध्ये, त्याच्या टोळीतला एकजण दोन वर्षांच्या पोरीशी. लेखिका लगेच सारवासारव करते की सध्या तो नुसता भावासारखा आहे, बाकीचं तिच्या मोठेपणी. हे वाचून तू माझ्याकडे तणतणत आली होतीस. "बाई, त्या बाळाला कुणी विचारलं?" तुझंच वाक्य. बरोबर होतं. मग तुझ्या नायिकेला कुणी विचारलं? दुसऱ्याचं पुस्तक असलं की डोळे उघडे आणि स्वतःचं असलं की त्यांवर कातडं?

आणि सारा मासचं नाव पुढे करू नकोस. 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' मीही वाचलं आहे. तिथेही बंध आहे, तिथेही नायक पाचशे वर्षांचा आणि नायिका एकोणीस-वीसची. पण दुसऱ्या पुस्तकात काय होतं? बंधाचं रायसँडला आधी कळलेलं असतं, तो फेराला सांगत नाही, आणि तिला दुसरीकडून कळतं तेव्हा ती भडकते. निघून जाते. विचार करते. बंध नाकारायची सोय त्या जगात आहे. स्वीकारायचा तर तिनं आपल्या हातानं त्याच्यापुढे अन्न ठेवायचं, मग तो मान्य. म्हणजे बंध आला तरी निर्णय उरला, आणि तो तिच्या हातात उरला. उचलायचंच होतं तर हे उचलायचंस. तू चकाकणारी खूण तेवढी उचललीस आणि तिचा राग तिथेच टाकून आलीस.

म्हणून मासबाई धुतल्या तांदळासारख्या आहेत असं नाही. पहिल्या पुस्तकात हाच नायक त्या मुलीला रोज रात्री मादक दारू पाजून, अंग रंगवून, सगळ्यांसमोर नाचवतो. का? तर तिला वाचवण्यासाठी. हा खुलासा येतो पुढच्या पुस्तकात. आधी अपमान विकायचा, मग त्याचं प्रेमपत्र करून दाखवायचं. लाखो वाचकांना ते पटलं. तुला पटलं का? खरं सांग. नव्हतं पटलं. समासात पेन्सिलीनं फुली मारली होतीस, पुस्तक मलाच वाचायला दिलं होतंस. आणि तरी तुझा यक्ष तीच चाल खेळतो. खुलासा करायला तुझ्याकडे तर दुसरा भागही नाही.

ही चाल जुनी आहे, एवढं तरी माहीत असू दे. ॲन मॅकॅफ्रीच्या 'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये, 1968 साली, ड्रॅगनांची जोडी आकाशात जमते आणि त्यांच्या वासनेच्या लाटेत खाली स्वारांची जोडीही वाहून जाते. स्वारांना कुणी विचारत नाही. 2023 च्या 'फोर्थ विंग'मध्ये पुन्हा ड्रॅगनांची जोडी, पुन्हा त्यांचा ताप स्वारांच्या अंगात. ड्रॅगन, खूण, शाप, नियती. माणसाला 'मला हवं आहे' असं म्हणायला लाज वाटते, म्हणून ते दुसऱ्या कुणाकडून तरी वदवून घ्यायचं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.

आता चौथं प्रकरण. चौदा वर्षांची राणी, चाळिशीचा राजा, लग्नाची रात्र. वर तुझी टीप: "त्या काळी असंच होतं." कुठल्या काळी गं? तुझ्या जगाला दोन चंद्र आहेत. तिथे नदीखाली बाजार भरतो. तिथलं पंचांग तू केलंस, घराणी तू केलीस, कर तू बसवलेस. मग मुलीचं लग्नाचं वय कुणी ठरवलं? इतिहासानं? वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. तू ठरवलंस.

मार्टिनचं ढोंग पुरे झालं. 1996 च्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये डेनेरिस तेरा वर्षांची आहे. पडद्यावर आणताना 2011 मध्ये मालिकावाल्यांनाही तिचं वय वाढवावं लागलं. बरं, इतिहासच हवा ना? मग पुरता घे. इंग्लंडची मार्गारेट बोफोर्ट 1457 साली, तेराव्या वर्षी, सातव्या हेन्रीची आई झाली. लग्नं पुढे आणखी झाली, मूल पुन्हा कधी झालं नाही. त्या बाळंतपणानं तिच्या शरीराचं काय केलं असेल, हा विचार तुझ्या त्या रात्रीच्या वर्णनात कुठे आहे? इतिहासातून वय तेवढं घेतलंस, वेणा घेतल्या नाहीस.

आणि जुनं म्हणजे असंच, हे तुला सांगितलं कुणी? शतपथ ब्राह्मण उघड. उर्वशी पुरूरव्याकडे राहायला येते ती अटी घालून. माझ्या इच्छेविरुद्ध माझ्याजवळ यायचं नाही, आणि तू मला विवस्त्र दिसता कामा नये. एक अप्सरा, एक राजा, गंधर्वांची कारस्थानं, चोरीला गेलेले मेंढे. आणखी किती फँटसी हवी? तिथे बाई अट घालते, आणि अट मोडते तेव्हा निघून जाते. इतक्या जुन्या गोष्टीला जे सुचलं ते तुला सुचत नाही? सुचतं. तुला घाई होती.

विनोदाचंही तेच. तुझा तो विदूषक दासीला मोहिनी पाजतो आणि आम्ही हसायचं. रोलिंगबाईंची 2005 ची 'हाफ-ब्लड प्रिन्स' आठव. एकाच पुस्तकात रॉन मोहिनीची चॉकलेटं खाऊन वेड्यासारखा वागतो, ती गंमत. आणि मेरोपीनं टॉम रिडलला मोहिनी पाजूनच नवरा केला असावा असा डंबलडोरचा कयास, ती शोकांतिका, त्यातून व्होल्डेमॉर्ट जन्मतो. मोहिनी एकच. दुकानात पोरींना हसत हसत विकली जाते ती, आणि एका माणसाचं आयुष्य नासवते तीही. लेखिकेनं दोन्ही शेजारी ठेवलं आणि गाठ मारली नाही. तू मारू शकली असतीस. दासी शुद्धीवर येते त्या सकाळचं एक पान लिहायचं होतं. तू मात्र तिचं लग्न लावून मोकळी झालीस.

सेनापती आणि त्याचा तो 'जिवलग मित्र' यांचं काय? साडेतीनशे पानं दोघं एकमेकांकडे नुसते बघतात. "वाचक समजून घेईल." नाही घेणार. डंबलडोर समलिंगी आहे हे रोलिंगबाईंनी 2007 च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्कला एका कार्यक्रमात सांगितलं, सातवं पुस्तक छापून बाजारात गेल्यावर. तूही आता प्रकाशन समारंभात सांगणार का? लिहायचं तर लिही. भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हण. तिला सूचकतेचं सोवळं नेसवू नकोस.

आणि हो, शृंगार काढून टाक असं मी म्हणालेले नाही. तसा चेहरा करू नकोस. माझी तक्रार बरोबर उलटी आहे. त्या चार पानांत शृंगारच नाही. पारिजात आहे. दोन शरीरं एका खोलीत आहेत आणि एकही कोपर कुणाला लागत नाही, कुणी हसत नाही, कुणी "थांब" म्हणत नाही. "मराठीत हे लिहिता येत नाही" असं म्हणालीस तर मी उठून जाईन. हालाची गाथासप्तशती याच मातीतली, महाराष्ट्री प्राकृतातली. त्यातल्या बायका आपल्याला काय हवं ते नदीकाठी, शेतात, सासूच्या नाकासमोर सुचवतात. राम जोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्या तू कार्यक्रमात म्हणतेस, टाळ्या घेतेस. आणि कागदावर आलीस की शब्द सापडत नाहीत?

अर्सुला ले ग्विनचं 'टेहानू' वाचलं आहेस. मीच दिलं होतं. 1968 पासून तिच्या अर्थसीचे जादूगार ब्रह्मचारी. का, ते कुणी विचारत नव्हतं. 1990 मध्ये ती स्वतःच परत आली आणि तो प्रश्न उकरून काढला. गेडची सगळी जादू संपलेली आहे, तो शेळ्या राखतो. टेनार शेतकऱ्याची विधवा, पोरं मोठी झालेली. हिवाळ्यात, तिच्याच घरात, तिच्या पुढाकारानं दोघं एकत्र येतात. खूण उजळत नाही. वीज कडाडत नाही. उतारवयाकडे झुकलेली दोन माणसं आहेत आणि एकाला काही ठाऊक नाही, दुसरीला आहे. लाज, धीर, हसू, सगळं तिथे आहे, कारण तिथे माणसं आहेत. तू ते पुस्तक परत करताना अर्धा तास बोलत होतीस. म्हणजे तुला कळतं. हेच तर मला खुपतं. ज्याला कळत नाही त्याच्यावर मी इतका वेळ घालवत नाही.

घे हे बाड. पहिली अकरा प्रकरणं तशीच ठेव, चौथं सोडून. बारावं फाड आणि खुणेशिवाय लिही. मनगटं कोरी. तिला तो आवडणार नसेल तर नको आवडू दे, गोष्ट कोलमडली तर कोलमडू दे, मग पुढचं बघू. आणि यक्षाचं वय कमी करायची पळवाट काढू नकोस. तीनशे वर्षांचाच राहू दे. तीनशे वर्षांत या गृहस्थाला "तुला चालेल का?" एवढं विचारता येईना, ते का, ते मला त्या प्रकरणात दिसलं पाहिजे. गुरुवारी आण.