एका रात्रीची मैत्री

ब्रिटिश व्हर्जिन बेटांपैकीं योस्ट व्हान डाइक या बेटावर 'सॉगी डॉलर' म्हणजे 'भिजका डॉलर' नांवाचें एक पानगृह आहे. तेथें धक्का नसल्यामुळें शिडाच्या नौकांवरील मंडळी नांगर टाकून पोहतच किनाऱ्यास येत व ओल्या नोटांनीं पैसे चुकते करीत; त्यावरून हें नांव पडलें. वाळूवर अनवाणी जमलेले हे लोक काल परस्परांस अपरिचित असतात व उद्यां भिन्न दिशांस जातात. अशा एका रात्रीच्या स्नेहास मैत्री म्हणावें काय?

केवळ सुखासाठीं जडलेली मैत्री अॅरिस्टॉटल अस्थिर ठरवितो. समुद्रांत ओंडक्यास ओंडका भेटतो व पुन्हां दुरावतो, हा महाभारतांतील दृष्टांतही वाचकांच्या परिचयाचा आहे. परंतु ओंडक्यांस कर्तव्य नसतें, नाविकांस असतें. समुद्रांत बुडूं लागलेला मनुष्य शत्रु असला तरी, स्वतःच्या नौकेस गंभीर धोका नसल्यास त्यास साहाय्य करणें, हें १९१० च्या ब्रुसेल्स येथील करारानें कप्तानावर बंधनकारक केलें. जमिनीवर ओळखीमागून कर्तव्य येतें. समुद्रावर कर्तव्य आधींच असतें, ओळख मागाहून होते. आज शेजारीं पेला उचलणाऱ्याचीच हांक उद्यां वादळांत ऐकूं येईल, हें जाणणाऱ्यांची थट्टामस्करी आम्हांस पोकळ वाटत नाहीं.

मैत्रीचें माप काळाच्या लांबीनें न घेतां पत्करलेल्या जबाबदारीनें घ्यावें. तसें घेतल्यास, वर्षानुवर्षें भिंतीस भिंत लावून राहूनही शेजाऱ्याची हांक न ऐकणाऱ्या आम्हां नगरवासीयांचे स्नेहसंबंध कोणत्या नांवानें ओळखावे?