साच्याला किती कळावं?

विकिपीडियावर गावांच्या लेखांसाठी माहितीचौकटीचा साचा करायला बसलं, की पहिला मोह लेखाच्या शीर्षकाचा. गावाचं नाव लिहिणाऱ्याने पुन्हा कशाला टंकायचं? साच्यात ‘पेजनेम’ हा जादुई शब्द टाकला की झालं. साचा ज्या पानावर उमटतो, त्या पानाचं नाव हा शब्द देतो. तोच साचा अलिबागच्या लेखात अलिबाग म्हणतो, पनवेलच्या लेखात पनवेल.

मग येतं कर्जत. एक रायगड जिल्ह्यात, एक अहिल्यानगर जिल्ह्यात. दोन लेखांना एकच शीर्षक चालत नाही, म्हणून कंस आला. आणि चौकटीच्या माथ्यावर ‘कर्जत (रायगड)’ झळकू लागलं. हे नाव ना स्टेशनच्या पाटीवर, ना कुणाच्या तोंडी. शीर्षक हा मुळात पानाचा पत्ता. गावाच्या नावाशी तो बहुतेकदा जुळतो, एवढंच. म्हणून मी तरी लिहिणाऱ्याने ‘नाव’ भरलं असेल तर तेच घेईन, रकाना रिकामा असेल तरच शीर्षकाकडे वळेन.

2013पासून विकिपीडियावरच्या साच्यांना लुआ भाषेतला कोडही वापरता येतो. भरलेल्या मूल्यांपैकी या कोडला दोनच प्रकारची दिसतात: त्याला थेट दिलेली, आणि त्याला बोलावणाऱ्या साच्याला दिलेली. त्या साच्याला कुणी बोलावलं, हे विचारायची सोय नाही. सुरुवातीला याचा जाच होतो. पण प्रत्येक साचा वरच्या साऱ्यांच्या खिशात डोकावू लागला, तर एक बदलताना दहा मोडतील.

आणि वाचक कोण, हे सांगणारा जादुई शब्द तर नाहीच. कारण रोकडं आहे: एकदा तयार झालेलं पान साठवून पुढच्यांना तेच दिलं जातं, त्यात वाचकाचं नाव शिरलं तर ते दुसऱ्याच्या कामाचं उरणार नाही. मला मात्र यातला दुसरा फायदा मोठा वाटतो. ‘तिसऱ्या परिच्छेदात चूक आहे’ असं म्हटलं, की सगळे एकच परिच्छेद पाहत असतात.

कंपन्यांच्या आतल्या विकींचं गणित निराळं. कॉन्फ्लुअन्ससारख्या विकीसाठी मॅक्रो, म्हणजे तिथला साचा, लिहिताना समोर कोण आहे हे विचारता येतं, आणि विचारावंच लागतं. उपपानांची यादी छापताना परवानगी तपासायची राहिली, तर ‘यंदाची कर्मचारीकपात’ हे शीर्षक दुपारच्या चहाआधी सगळ्या मजल्यांवर पोचलेलं असेल.