दोष कोणाचा?

मधुमेह्याचा पाय सडला म्हणजे आम्ही सहज म्हणतों, ‘यानें पथ्य पाळिलें नाहीं.’ हा न्याय आतां आम्हांस अपुरा वाटतो. १९२३ सालीं इन्सुलिनाच्या शोधकांनीं आपले हक्क टोरांटो विद्यापीठास एकेका डॉलरास दिले. तरी तें औषध अद्यापि पुष्कळ खेड्यांच्या हातीं नाहीं. मेटफॉर्मिनची गोळी तर स्वस्त. परंतु ती आणावयास तालुक्यास जावें, तर दिवसाची मजुरी बुडते. जो मजुरी राखून गोळी चुकवितो, त्यास बेपर्वा म्हणावें काय? पथ्य त्यानें पाळावें, हें खरेंच. (बोल लावणें मात्र फुकट असतें.) पण या रोगांत तळपायाची संवेदना जाऊं लागते, रुतलेला काटा कळत नाहीं. उपकेंद्रांत महिन्याच्या गोळ्या एकदम मिळाल्या व दर खेपेस कोणी त्याचे तळवे पाहिले, तर तो काटा वेळींच दिसेल; त्यास यंत्र लागत नाहीं, दिवा व दोन डोळे पुरेत.